ढिल्या तारांचा आठवडा

मार्गशीर्षातली सकाळ होती. माळावरनं कोरडं वारं सुटलं होतं, आणि ते असं की बांधावरच्या बाभळीसुद्धा अंग चोरून उभ्या होत्या. धोंडुबाई चुलीपुढं बसून हात शेकत होती. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उबेला थांबली होती. आणि तिचा नवरा, धुळाआबा, डोक्याला मफलर गुंडाळून आणि कमरेला पक्कड खोचून रोजच्या फेरीला निघाला होता.

फेरी कशाची, तर ढिलं काय झालंय ते बघायची.

आधी कुंपणाची तार. तिला टिचकी मारायची आणि कान लावायचा. तार 'टण्ण' म्हणाली तर पुढं जायचं, 'थड' म्हणाली तर पक्कड बाहेर काढायची. मग कपडे वाळत घालायची दोरी. मग मेंढरं कोंडायची जाळी. तिला आमच्याकडं वाघर म्हणतात. तिच्या एकेका खुंटीची दोरी बोटानं वाजवून बघायची. मग शेळीचं दावं, मोटारसायकलची चेन आणि शेवटी अंगणातली दोरीनं विणलेली बाज. एवढं झालं की चहा. मध्ये चहा निवला तरी चालेल, पण दोरी निवलेली चालायची नाही.

"आवं, ती तार काय रातीत पळून जाती व्हय?" धोंडुबाई रोज विचारायची.

"पळून जात न्हाई. पसरती," आबा म्हणायचा. "बाईमाणसासारखी."

"आन गडी कसा आकसत जातोय, त्ये बघाय आरसा आणू का?"

वाडी म्हसवडच्या पूर्वेला, सातारा जिल्हा जिथं दमून खाली बसतो तिथं. धुळाआबाचं कुंपण साताऱ्यात, आणि कुंपणापलीकडची साळूबाई सांगलीत. दोन जिल्ह्यांच्या मधली तार एवढी ताठ दुसरीकडं कुठं सापडायची नाही.

हे वेड त्याला कुठनं लागलं, तर वाघरीतनं. पोरवयात तो बापाबरोबर मेंढरं घेऊन पार कोकणाच्या अंगाला जायचा. एकदा मुक्कामाला जाळीची एक दोरी ढिली राहिली. ती बांधली होती धुळ्यानंच. लांडगा तिथनंच आत शिरला आणि एक कोकरू घेऊन गेला. बापानं मारलं नाही. नुसती ती दोरी पोराच्या हातात दिली आणि म्हणाला, "वाजीव." पोरानं वाजवली. ती वाजलीच नाही. "आता ध्येनात ठेव, बोलती दोरी राखन करती. मुकी दोरी लांडग्याला वाट देती." बाप गेला, मेंढरं कमी झाली, शेतात डाळिंबं आली, वाडीत मोबाइलचा टॉवर आला. पण आबाच्या लेखी जगात अजून दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, बोलत्या आणि मुक्या. मुकी दिसली की त्याचा हात शिवशिवायचा.

याचा वाडीला फायदा होता, नाही असं नाही. गजीच्या खेळाआधी, म्हणजे धनगरी नाचाआधी, ढोलाच्या दोऱ्या आवळायला त्यालाच बोलवायचे. त्यानं आवळलेला ढोल घुमला की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. पण त्याला थांबायचं कळायचं नाही. एका लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्या सैल दिसल्या म्हणून ह्यानं मागनं जाऊन गाठ आवळली. नवरदेव अक्षता पडेस्तोवर डोळे वटारून उभा. नवरीकडच्या बायका आपसात बोलायला लागल्या, पोरगा तापट दिसतोय बाई.

अशा माणसाच्या घरात गिटार आली.

आणली स्वप्नालीनं. ही त्याची धाकटी. साताऱ्याला कॉलेजात होती, तिथंच हॉस्टेलवर राहायची. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जायची. रविवार घरचा. त्या एका रविवारासाठी धोंडुबाई आठवडाभर तूप साठवायची, आणि आबा शनिवारी दुपारपासनंच फाट्यावर जाऊन बसायचा. गाडी संध्याकाळी येते हे त्याला माहीत होतं. पण "ड्रायव्हरचा काय भरवसा, एखाद्या दिवशी लवकर आनल," म्हणायचा.

तिची खोलीतली मैत्रीण सृष्टी. ती उंब्रजची, उसाच्या रानातली. सृष्टीचे वडील जयराज फौजेत हवालदार होते, रिटायर होऊन आता शेती बघत होते. फौजेत असताना ईशान्येकडच्या एका जोडीदाराकडनं ते गिटार शिकले होते. आता त्यांची बोटं ऊस तोडून तोडून जाड झाली होती, म्हणून त्यांनी ती पोरींना वापरायला दिली होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरी गाणार होत्या. सृष्टी गाणार आणि स्वप्नाली वाजवणार. सराव रोज पाहिजे, रविवारीसुद्धा. म्हणून गिटार स्वप्नालीबरोबर एसटीनं ये-जा करायची.

पहिल्या रविवारी आबानं ती नुसती बघितली. दुसऱ्या रविवारी जवळनं बघितली. तिसऱ्या रविवारी दुपारी स्वप्नाली आईबरोबर सिद्धनाथाच्या दर्शनाला म्हसवडला गेली आणि गिटार बाजेवर ठेवून गेली.

आबानं टिचकी मारली.

वरची जाड तार 'ढुंम' म्हणाली. दुसरी जरा बरी बोलली. तिसरी त्याहून बरी. असं करत करत शेवटची बारीक तार 'टिंग' म्हणाली, खणखणीत. आबाला वाईट वाटलं. सहा तारांपैकी एकच नीट ताणलेली, बाकीच्या पाच कमी-जास्त ढिल्या! पोरगी मन लावून वाजवते आणि वाद्य असं. बाजेची एक दोरी ताठ आणि एक सैल असली तर माणूस गडगडत मधल्या खड्ड्यात जाऊन झोपतो, मग ह्याच्यात सूर कसा राहील? त्यानं गिटारीच्या टोकाचे कान बघितले, एक पिळून बघितला, आणि काम समजलं. समजलं म्हणजे त्याला तसं वाटलं.

मग तो मांडी घालून बसला आणि सगळ्या तारा त्या शेवटच्या बारीक तारेला मिळवायला लागला. बाज विणताना कसं, सगळ्या दोऱ्या एका ताणाच्या पाहिजेत. मधल्या दोन तारा आल्या बिचाऱ्या बरोबर. जाड तार मात्र काही केल्या 'टिंग' म्हणेना. आबानं पक्कड लावली.

धोंडुबाई आणि स्वप्नाली परत आल्या तेव्हा अंगणात शांतता होती. आबाच्या हनुवटीवर तार लागून ओरखडा उठला होता. जाड तार तुटून गोल गोल वळली होती. आणि गिटारीच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची खालची टोकं अडकवतात, ती ताणानं पोटापासनं सुटून मांजराच्या जबड्यासारखी उघडली होती.

"आबा!"

"बाळा, लय ढिल्या हुत्या गं," आबा म्हणाला. "एक सोडली तर सगळ्याच."

स्वप्नालीनं आधी गिटार बघितली, मग पक्कड बघितली. मग ती खाली बसली. "आबा, त्या ढिल्या नव्हत्या. त्या तशाच असतात. प्रत्येक तारंचा सूर येगळा असतोय."

"येगळा? एकाच लाकडाव सा जणी आन सा तऱ्हा?"

"तुमच्या घरात दोघंच हायती," धोंडुबाई म्हणाली, "त्यांच्या तरी एक तऱ्हा हाय का?"

पण स्वप्नालीला हसू आलं नाही. "ही माझी न्हाई आबा. लोकाची वस्तू हाय. मी काकांना काय सांगू?" मग ती शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी आता हिला घरी आणत न्हाई. आन गॅदरिंगपतोर सराव तर रोज पायजेल. तवा रविवारी मी हॉस्टेललाच थांबते. आन गॅदरिंग झालं तरी... बघू पुढचं पुढं."

 त्या संध्याकाळी आबानं बाजेची दोरीसुद्धा वाजवून बघितली नाही, म्हणजे बघा.

सोमवारी स्वप्नाली साताऱ्याला गेली. तिथनं उंब्रजला जाऊन तिनं हवालदारांपुढं गिटार ठेवली आणि सगळं खरं सांगितलं. हवालदार आधी खूप वेळ हसले. मग त्यांनी पट्टीला सरस लावला, शिकंज्यात धरून ती चिकटवली, आणि आणखी एक सांगितलं. ते सांगणं स्वप्नालीनं आठवड्याच्या मध्येच फोन करून आईला कळवलं, आणि धोंडुबाईनं फोनचा आवाज मोठा करून आबाला ऐकवलं.

"काका म्हणत्यात, सरस पुरा वाळाय पायजे. उंब्रजला नदी जवळ, चहूबाजूनं ऊस, त्यांच्या घराच्या भिंतीलाच पापुद्रे धरल्यात. हॉस्टेलची खोलीबी दमट. तुमच्याकडं माण तालुक्यात हवा कोरडी हाय, तिथं आठवडाभर भितीला टांगून ठीव, म्हणत्यात. हाडासारखी वाळंल."

आबा म्हणाला, "दुष्काळाचा ह्यो पयलाच फायदा ऐकला म्या."

"पण ऐका. गिटारीची मान वाकडी हू नये म्हणून जुन्या पाच तारा तशाच ठेवल्यात त्यांनी. एकदम ढिल्या. त्यांस्नी हात लावायचा न्हाई. जरा जरी ताण आला तरी पट्टी परत सुटंल, आन मग ती कायमचीच गेली. पुढच्या रविवारी काका स्वता नव्या तारा घिऊन येणार हायत. आये, आबांना सांग. हात लागला न्हाई, तर मी हर रविवारी गिटार घिऊन घरी. हात लागला, तर..."

तर काय, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

तर अशी ती गिटार शनिवारी घरी आली, चुलीच्या धुरापासनं लांब, दाराच्या बाजूच्या भिंतीला खिळ्यावर टांगली गेली, आणि स्वप्नाली सोमवारी रिकाम्या हातानं गेली. पुढचा आठवडा म्हणजे धुळाआबाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड आठवडा.

तारा नुसत्या ढिल्या नव्हत्या, लोंबत होत्या. पावसात भिजलेल्या कोंबडीच्या पिसांसारख्या. दारातनं वारं आलं की खुळखुळायच्या. थंडीमुळं रात्री बाज आत घेऊन पडलं की नेमक्या डोळ्यापुढं यायच्या. आबानं बाज फिरवली, तर मागनं खुळखुळ ऐकू यायला लागली. त्यानं कानात कापूस घातला. मग धोंडुबाई काय बोलते ते ऐकू येईना. एक-दोन दिवस ते त्याला बरंही वाटलं. पण मेंढरांचं ओरडणं ऐकू येईना, तेव्हा कापूस काढावा लागला.

धोंडुबाईचा नवऱ्यावर विश्वास होता, पण त्याच्या बोटांवर नव्हता. तिनं एक शक्कल काढली. देव्हाऱ्यातला बिरोबाचा भंडारा घेतला आणि गिटारीच्या सहाही कानांवर बोटानं थापला.

"ह्ये काय करतीस?"

"देवाचा पहारा. हात लावशीला तर भंडारा पुसंल. मला लगीच कळंल."

"आगं, वाद्य हाय का नवरदेव हाय ती?"

"नवरदेव आसता तर मुंडावळ्याबी आवळल्या आसत्या तुमी," धोंडुबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. आपली शक्कल तिला इतकी आवडली की तिनं संध्याकाळी फोनवर लेकीलाही सांगितली. लेक पहिल्यांदाच हसली.

आता हाताला काही तरी काम पाहिजे म्हणून आबा वाडीवर सुटला. त्या आठवड्यात वाडीत ढिलं असं काही राहिलं नाही. शाळेच्या फाटकाची साखळी, दुधाच्या कॅनची कडी, देवळातल्या घंटेची दोरी, सगळं बोलतं झालं. घंटेची दोरी आवळून इतकी वर गेली की पोरांचा हात पुरेना. साळूबाईची कपड्याची दोरी त्यानं कुंपणावरनं वाकून अशी ओढली की तिनं ओलं लुगडं टाकलं आणि दोरीनं ते झटकून परत तिच्याच अंगावर फेकलं.

साळूबाई पदर सावरत कुंपणापाशी आली. "धोंडे, तुझ्या गड्याला बांध कुठंतरी! काल माजी बाज आवळून गेला. बसाय गेले तर चेंडूगत उडाले."

"कशानं बांधू?" धोंडुबाई म्हणाली. "बांधलं तर गाठ ढिली म्हणून सोताच आवळंल."

आबा ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढं गेला. पण शुक्रवारी दुपारी घरात कुणी नसताना तो भिंतीपुढं उभा राहिला, बराच वेळ. हात पाठीमागं धरले होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडलेलं, जणू दुसरा हात कुणा चोराचा. मग तो गिटारीकडं बघून म्हणाला, "बया, तुला कसं ऱ्हावतं गं आसं?" आणि वळून मेंढरांकडं गेला.

शनिवारी स्वप्नाली आली. भिंतीवर गिटार होती तशी दिसली, तिनं सुटकेचा निश्वास टाकला, आणि जेवून झोपली. भंडारा तपासायचा तो उद्या, काका आल्यावर.

रविवारी सकाळी हवालदार जयराज मायणीवरनं मोटारसायकलवर आले. धिप्पाड माणूस. मिशा अजून फौजेतल्याच. अंगणात उतरले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमच्याकडं एवढं मोकळं रान! आमच्याकडं घरातनं बाहेर पडलं की ऊस, ऊस संपला की लोकाचा ऊस."

"आमच्याकडं नजर लांब जाती," आबा म्हणाला. "मधी आडवं याय काय उगवतच न्हाई."

"मग हवा खायाची."

"तीच खातोय. बसा, हवालदार."

हवालदार बाजेवर बसले. बाज करकरली. आबाच्या कपाळावर एक आठी आली, पण पाहुणा म्हणून त्यानं ती परत घेतली. स्वप्नालीनं गिटार खिळ्यावरनं काढली, उजेडात आणली आणि कानांवरचा भंडारा बघायला लागली. पहिला कान पिवळा. दुसरा पिवळा. तिसरा पिवळा. चौथा...

चौथा लख्ख पुसलेला होता. आणि त्याची तार ढिली नव्हती. ताठ नव्हती, पण लोंबतही नव्हती.

"आबा." स्वप्नालीचा आवाज बदलला. "हात दावा."

आबानं हात पुढं केले. दोन बोटं पिवळी होती.

"ह्यो सकाळच्या पूजेचा हाय," आबा म्हणाला. "मी रोज कपाळाला लावतो, तुला ठावं हाय की."

"मग ह्यो कान कुणी पुसला?"

आबानं कानाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. पण ते आश्चर्य त्याच्या मफलरात बुडालं आणि कुणाला दिसलंच नाही. स्वप्नालीनं गिटार बाजेच्या कडेला ठेवली. तिचे डोळे भरले होते. "काका, तुमी एवढ्या लांबनं आलासा. आन ह्यांना आठ दिस दम निघंना. ऱ्हाऊ द्या. मी सकाळच्या गाडीनं जाते ती..."

आबा बायकोकडं बघत होता. धोंडुबाई चुलीकडं बघत होती. चूल विझलेली होती, तरी ती फुंकणी घेऊन तिच्यात फुंकत होती, आणि राख उडत होती.

आबानं एकदा खाकरलं. "म्याच लावला हात," तो म्हणाला. "हवालदार, चूक माजी. पोरीला बोलू नगा."

 तेवढ्यात चुलीपाशी फुंकणी आपटल्याचा आवाज झाला.

"खोटं बोलाय लाज वाटती का या वयात!" धोंडुबाई उठून आली. "ह्यांनी न्हाई लावला. म्या लावला."

"आये, तू?"

"मग काय करू? रातभर ती एकच तार खुळखुळ, खुळखुळ! बाकीच्या गप्प, आन ती एकटी बडबडती. ह्यो मानूस कुशी बदलतोय, मला झोप न्हाई. बुधवारी उठले आन येक पीळ दिला. येकच! मग गप्प झाली भवानी." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चाळीस वरसं ह्यांच्यासंगं काढल्यावर मानसाला काय व्हणार दुसरं?"

हवालदारांनी मांडीवर हात मारला. "घ्या! पहाऱ्यावरचाच शिपाई फितूर! वहिनी, आमच्या पलटणीत असता तर तुमचं कोर्टमार्शल झालं असतं."

"करा काय करायचं त्ये. पन आधी जेवून घ्या, मटण शिजलंय."

हवालदारांनी पट्टी बोटानं दाबून बघितली, गिटार उजेडाला तिरकी धरून बघितली. पट्टी जागची हलली नव्हती. "हाडासारखी वाळली. एक पीळ पचला तिला," ते म्हणाले. स्वप्नाली आबाकडं बघत होती. "आबा, मी..." एवढंच ती म्हणाली. आबानं तिला सोडवलं. म्हणाला, "फडकं आन. भंडारा पुसून घिऊ, न्हाईतर तारा पिवळ्या व्हत्याल."

मग नव्या तारा चढवायचं काम सुरू झालं. हवालदारांनी जुन्या तारा काढल्या. पट्टीतल्या छोट्या गुंड्या एकेक करून उपसल्या. तारेचं गोळीचं टोक भोकात सोडायचं, वर गुंडी दाबायची, दुसरं टोक मानेवरनं नेऊन कानाच्या भोकात ओवायचं आणि पिळत जायचं. हे सगळं ते फौजेतल्या हुकुमासारखं मोठ्यानं सांगत होते. आबा उकिडवा बसून एकेक हालचाल बघत होता. हात पुन्हा पाठीमागं. पण कान पिळायची वेळ आली आणि हवालदारांची बोटं घसरायला लागली. ऊस तोडून तोडून जाड झालेली बोटं त्या नाजूक कानावर बसेनात.

"पाव्हणं," हवालदार म्हणाले, "तुमी पिळा."

आबानं स्वप्नालीकडं बघितलं.

स्वप्नालीनं थोडा विचार केला. मग मोबाइल काढून त्याच्यापुढं जमिनीवर ठेवला. "ह्यात काटा दिसतोय बघा आबा. तार वाजवली की काटा हलतोय. मधी आला की हिरवा हुतोय. आन मी बास म्हणलं की थांबायचं. लगीच. आर्धा पीळबी जास्ती न्हाई."

"बास म्हंजी बास," आबा म्हणाला.

जाड तार आधी. आबानं पिळायला सुरुवात केली. तार 'भुंम' वरनं 'ढुंम' वर आली. काटा डावीकडनं सरकत आला. तार अजून सैल आहे, हे आबाचं प्रत्येक बोट सांगत होतं. आयुष्यभर ज्याला त्यानं ढिलं म्हटलं, ते हे. अजून तिच्यात दोन पीळ तरी सहज बसले असते.

"बास!"

हात थांबला. नुसता थांबला नाही, जागच्या जागी गोठला. आबाच्या कपाळावर मार्गशीर्षाच्या थंडीत घाम आला होता. काटा हिरवा होता.

"शाबास रं गड्या!" हवालदार ओरडले.

"आवं, श्वास घ्या," धोंडुबाई म्हणाली.

दुसरी तार, तिसरी तार. चौथीला स्वप्नाली म्हणाली "बास", आणि आबा म्हणाला, "आगं, जरा..." आणि तिनं भुवया वर केल्या, आणि त्यानं हात काढून घेतला. सहावीला, त्या बारीक तारेला, आबाच म्हणाला, "आता बास न्हवं? न्हाईतर हनवटीव परत खाज सुटंल." कुंपणापलीकडं साळूबाई धुणं टाकायच्या निमित्तानं उभी होती. तिनं विचारलं, "झालं का गं लगीन?"

स्वप्नालीनं सहाही तारांवरनं अंगठा फिरवला. सहा जणी सहा तऱ्हेनं बोलल्या, आणि एकदमच बोलल्या. आबा ऐकत होता. मग म्हणाला, "व्हय. भांडत न्हाईत."

जेवणं झाली. मटणाचा रस्सा हवालदारांनी वाडग्यानं प्यायला. मग स्वप्नालीनं गॅदरिंगचं गाणं वाजवायला घेतलं. तिसऱ्या ओळीला आबाची मान किंचित वाकडी झाली, कान पुढं आला.  चौथ्या ओळीला स्वप्नालीच थांबली. "उतरली."

"नव्या तारा असतात ना, त्या ताणत जातात," हवालदार म्हणाले. "एक-दोन आठवडं असंच. वाजवायची, उतरली की परत चढवायची. गॅदरिंगपर्यंत बसतील जाग्यावर."

"नवी दोरीबी तसंच करती," आबा म्हणाला. "बाज विनली की पोरं नाचवायची तिच्यावर, मग परत आवळायची."  हात मांडीवर होते, पण बोटं आपोआप पिळल्यासारखी हलत होती.

स्वप्नालीनं मोबाइल त्याच्यापुढं सरकवला. "चौथी."

आबानं पुसलेला कान धरला. ज्याच्यामुळं सकाळी एवढं रामायण झालं तोच. एवढासा पीळ दिला आणि थांबला. तिला बास म्हणायला सवडच दिली नाही. काटा हिरवा होता.

"पुढच्या रविवारी परत उतरलेल्या असत्याल ह्या," ती म्हणाली. "सगळ्या."

"आसू दे," आबा म्हणाला. "शनवारी फाट्याव हायच मी."

"दुपारपासनं नका बसू. गाडी सांजची असती."

"ड्रायव्हरचा काय भरवसा."

हवालदार निघाले. उठताना बाज पुन्हा करकरली, आणि ते उठले तरी तिच्या मध्ये त्यांच्या आकाराचा खड्डा तसाच राहिला. आबानं त्यांना फाट्यापर्यंत सोडलं. धोंडुबाईनं बरोबर डाळिंबं दिली. हवालदार म्हणाले, पुढच्या बारीला उसाचा रस आणतो. आबा म्हणाला, आणा, पण पाणी घालून नगा आणू, पाण्याचं आमाला अप्रूप लय हाय.

परत आला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. स्वप्नाली उंबऱ्यावर बसून तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होती. दर वेळी तिसऱ्या ओळीला चुकत होती आणि परत पहिल्यापासनं सुरू करत होती. धोंडुबाई भांडी घासत होती. आबानं बाजेच्या मधल्या खड्ड्याकडं बघितलं, टिचकी मारली.

'थड.'

त्यानं बाज पालथी घातली, पायथ्याच्या दोरीची गाठ दातानं सोडवली, आणि लाकडाला पाय लावून ओढायला बसला.